बिल्ला घासायचा नाही

८ जून २०२५, रविवार

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. निवृत्तीनंतर लिहिणं सोडलं होतं, कारण लिहावं असं काही घडतच नव्हतं. आज घडलं, आणि ते बायकोला, प्रतिमालाही सांगता येण्यासारखं नाही, म्हणून इथे.

माझा बिल्ला खोटा निघाला.

गेल्या महिन्यात प्रदर्शनातून घेतलेला, मराठा लाइट इन्फंट्रीचा, टोपीवर लावायचा, बिगुलाचा. साठच्या दशकातला, असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, 'आमचे वडील सुभेदार होते' वगैरे. मी विरघळलो. किंमत इथे लिहीत नाही, लाज वाटते.

आज तो रोशनला व्हिडिओवर दाखवला. रोशन म्हणजे इथे महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा पुण्याचा मुलगा; जुने लष्करी बिल्ले जमवणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट तो चालवतो. त्याने मागची बाजू दाखवायला सांगितली, आणि मग, "काका, रेप्रो आहे. सॉरी. पण फर्स्ट टाइम सगळ्यांचंच होतं." नक्कल म्हणायलाही यांची जीभ वळत नाही.

मी कारखान्यात सारी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली. लोक आपला माल घेऊन माझ्या टेबलासमोर घाम पुसत उभे राहायचे. आणि मला कुणीतरी ओतीव जस्तावर पितळी मुलामा देऊन, वर काळं औषध फासून टोपी घातली.

११ जून, बुधवार

मिशीवाल्याला फोन केला. आधी म्हणाला, बिल्ला खराच आहे. मग म्हणाला, मी 'जुन्या पद्धतीचा' म्हणालो होतो, 'जुना' नव्हे. मग नेटवर्क गेलं. दुसऱ्या नंबरवरून केला तर त्याच्या बायकोने कन्नडमध्ये सांगितलं की ते देवळात गेलेत. देवळात.

तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही, बिल्ल्यांबद्दल वाचलं. आता मला कळतं. खरा बिल्ला पत्र्यावर ठसा दाबून काढलेला असतो, त्यामुळे पुढचा उठाव मागे खळग्यासारखा दिसतो. नकली ओतलेला, त्याची पाठ सपाट किंवा खरखरीत, भिंगातून बघितलं तर सुईच्या टोकाएवढी भोकं. आणि सगळ्यात महत्त्वाची झीज. शिपाई बिल्ला पुढून घासतो, रोज, वर्षानुवर्षं. मागून कोण घासतो? म्हणून खऱ्याचं पुढचं नक्षीकाम मऊ झालेलं असतं आणि पाठ मात्र जशीच्या तशी. नकली करणारे आळशी. ते दोन्ही बाजू सारख्याच झिजवतात.

माझा दोन्ही बाजूंनी झिजलेला आहे. हे मला प्रदर्शनात दिसलं कसं नाही, याचीच जास्त किळस येते.

२२ जून, रविवार

लिहिताना हात थांबत नाहीये.

यशवंतपूरला भंगाराच्या दुकानांत गेलो होतो. एका पत्र्याच्या डब्यात दारांच्या कड्या, नळाच्या तोट्या, कुलपांच्या किल्ल्या, आणि त्यात तो. बिगूल. पाठ फिरवून बघितली. खळगा स्वच्छ. मागच्या कड्या जुन्या डाखाने, सोल्डरने जोडलेल्या. पुढून घासून घासून बिगुलाची दोरी जवळजवळ पुसलेली. दुकानदार म्हणाला, किलोच्या भावाने न्या. मी तोंड वाकडं केलं, तीन कड्या आणि एक तोटी बरोबर घेतली, म्हणजे त्याला शंका नको.

घरी येऊन रोशनला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, "काका. पॉलिश करू नका. काहीही करू नका."

करणार नाही. जुन्या बिल्ल्यावरचा काळपटपणा हीच त्याची किंमत, तो घासला की संपलं. मखमलीच्या डबीत ठेवला. खोटा त्याच्या शेजारी ठेवायची इच्छा होईना. तो खालच्या खणात, बॅटऱ्यांबरोबर.

२९ जून, रविवार

तळमजल्यावरचे आप्पाजी आले होते. वय शहाऐंशी. निपाणीजवळचे, तरुणपणी मराठा लाइट इन्फंट्रीत होते, नाईक म्हणून निवृत्त झाले. मुलगा दुबईत, इथे सून भाग्यलक्ष्मीकडे असतात. मला वाटलं पाण्याच्या टाकीची तक्रार असेल. पण प्रतिमाने जिन्यात भाग्यलक्ष्मीला माझ्या छंदाबद्दल सांगितलं होतं.

खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, सहा वर्षांमागच्या पुरात वेदगंगेचं पाणी घरात शिरलं, ट्रंक गेली. कागद पुन्हा मिळाले, पेन्शन चालू आहे, पण टोपी आणि बिल्ला गेला तो गेलाच. पुतण्याने बेळगावच्या कॅम्पातून नवी हिरवी टोपी आणून दिली. बिल्लाही आणत होता, यांनीच नको म्हटलं.

मी विचारलं का. म्हणाले, "आताच्या बिल्ल्याला घासायला लागत न्हाई सायेब, तसाच चमकतोय. मग आपलं काय हाय त्यात?"

मग विचारलं, तुमच्याकडं बिगुलाचा हाय म्हणं. बघायला मिळंल का स्वल्प, जरासं?

मी म्हटलं, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. का म्हटलं कुणास ठाऊक. डबी मागच्याच कपाटात होती. त्यांचे हात तेलकट होते, शेंगदाणे खाऊन आले होते बहुतेक. जुन्या पितळेवर बोटांचे ठसे कायमचे उठतात.

२ जुलै, बुधवार

प्रतिमा म्हणाली, आप्पाजी पंधरा ऑगस्टला टोपी घालणार म्हणतात, बिल्ला मिळाला तर. पुतण्याची टोपी आल्यापासून तशीच पिशवीत आहे. म्हणाली, तुमचा एक देऊन टाका ना. तुम्ही काय त्याची पूजा करणार आहात?

या बाईला जुन्या वस्तूची कदर नाही. एक देऊन टाका म्हणे, लोणच्याची फोड असल्यासारखं.

६ जुलै, रविवार

दिला.

नीट विचार करून दिला. खालच्या खणातला. भेट दिलेल्या वस्तूची तपासणी कुणी करत नाही. मी त्यांना हा खरा आहे असं म्हणालो नाही, नीट आठवून लिहितो आहे. 'हा तुमच्यासाठी' एवढंच म्हणालो. मिशीवाल्याने पैसे घेऊन फसवलं. मी तर उलट पदरचं दिलं. शिवाय त्यांना मोतीबिंदू आहे. टोपीवर दहा फुटांवरून सगळे सारखेच दिसतात.

आप्पाजींनी तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा बिगुलावरून फिरवला. मग उठले आणि माझ्या पायाशी वाकले. माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठा माणूस. मी मागे सरकलो. भाग्यलक्ष्मीने डोळ्यांना पदर लावला, "अण्णा, मामंजी त्या पुरापासून असे हसलेच नव्हते."

मग मला एकदम भीती वाटली. पुसायला घेतलं तर रंग निघेल. म्हणून म्हटलं, आप्पाजी, एक लक्षात ठेवा, जुना बिल्ला घासायचा नाही. किंमत जाते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घासायचा न्हाई? मग टोपीला लावायचा कसा?"

मी सांगितलं, तसाच लावायचा, काळपटच. जाणकार लोक तसंच ठेवतात. ते म्हणाले, सरी, बरं सायेब, तुम्ही म्हणता तर. पण त्यांना पटलेलं नव्हतं.

७ जुलै, सोमवार

प्रतिमाने आप्पाजींचा हातात बिल्ला घेतलेला फोटो इमारतीच्या गटात टाकला. टाळ्या, झेंडे, माझ्या नावाने 'सलाम उपेंद्रजी'. सेक्रेटरीने लिहिलं की या वर्षी झेंडा आप्पाजीच फडकवतील, जुन्या मानाच्या बिल्ल्यासह. वाचून बरं वाटलं. मग तोच फोटो कुणीतरी बिल्ल्यांच्या गटातही पाठवला आणि रोशनचा मला वेगळा मेसेज आला. "काका, हा तोच ना?" पुढे डोळा मारणारा चेहरा. "स्मार्ट मूव्ह."

या पोरांना कशाचंच काही वाटत नाही. तो डोळा मारलेला पिवळा चेहरा दिवसभर समोर येत होता.

२० जुलै, रविवार

प्रतिमाने कपाट आवरलं. मखमलीची डबी उघडी ठेवून मला विचारलं, "हा इथेच आहे. मग त्यांना कुठला दिलात?"

म्हटलं, दोन होते, त्यातला एक.

"चांगला कुठला?"

म्हटलं, दोन्ही आपापल्या जागी चांगले आहेत.

तिने डबी बंद केली. त्यानंतर तिने बिल्ल्याचा विषय काढलेला नाही, आणि जिन्यात भाग्यलक्ष्मी भेटली तर प्रतिमा आता थांबत नाही, भाजी गॅसवर आहे म्हणते. या घरात गॅसवर एवढी भाजी कधी असते?

३ ऑगस्ट, रविवार

आप्पाजी रोज सकाळी गच्चीवर झेंड्याच्या खांबापर्यंत चालण्याचा सराव करतात. गुडघे दुखतात, पण लिफ्ट घेत नाहीत. आज मला अडवून म्हणाले की बिल्ला अजून काळाच आहे, रोज बघतो आणि हात शिवशिवतात. विचारलं, एकदाच, झेंड्याच्या आदल्या दिवशी, हलक्या हातानं पुसला तर?

मी जरा जोरातच नाही म्हणालो. इतका की टाकीवरचा प्लंबर वळून बघायला लागला. मग आवाज खाली आणून समजावलं की त्या काळपटपणात इतिहास असतो. हे वाक्य रोशनचं आहे. माझ्या तोंडून ऐकून मलाच कसंतरी झालं.

ते म्हणाले, "आमचा हवालदार असता तर काळ्या बिल्ल्यावर आठ दिवस फटिगची मजुरी दिली असती." आणि हसले. मीही हसलो.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी दहाला बेल वाजली. दारात आप्पाजी. तीन मजले चढून आले होते, धाप लागली होती. बसा म्हटलं तर बसले नाहीत. दोन्ही पाय जुळवून उभे राहिले आणि रुमालाची पुरचुंडी पुढे केली.

आत बिल्ला. बिगुलाच्या तोंडाशी आणि मधोमध रंग पार निघालेला, खाली राखाडी धातू उघडा पडलेला. एका कडेला मुलाम्याचा पापुद्रा लोंबत होता. काळं औषध रुमालाला लागलं होतं.

म्हणाले, "गुन्हा झाला सायेब. तुम्ही नको म्हटलं होतं, पण ऱ्हावलं न्हाई. परवा झेंडा हाय, काळा बिल्ला लावून कसा जाणार म्हणून घासला. आधी हलकाच घासला. चमक येईना म्हणून जोर लावला. पूर्वी ह्या हातांनी सेक्शनभराचे बिल्ले घासलेत, आता जोर कुठं लागतोय, किती लागतोय, काय कळंना झालंय. इतक्या जुन्या वस्तूचा नास केला."

मी त्या पुरचुंडीकडे बघत राहिलो. सगळं समोर उघडं पडलं होतं. डोळे असलेल्या कुणालाही कळलं असतं की हे पितळ नव्हेच. त्यांना मात्र एकच दिसत होतं, आपले हात.

आणि मी काय केलं ते लिहितो, कारण वही त्यासाठीच उघडली होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे आप्पाजी. होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं.

त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, तुम्ही मोठ्या मनाचे. पण झेंड्याला मी हात लावणार न्हाई, सेक्रेटरीसायबांना सांगितलंय. ज्याला बिल्ला सांभाळता येत न्हाई त्यानं झेंडा कशाला धरायचा. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

प्रतिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला ओळखीची वाटली. मिशीवाल्याची आठवण आली की मी तसाच बघतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

खरा बिल्ला खिशात घालून खाली गेलो. ठरवलं होतं, द्यायचा आणि विषय संपवायचा.

आप्पाजी कॉटवर बसले होते, टोपी पुन्हा पिशवीत गेलेली. मी बिल्ला काढून म्हटलं, हा घ्या, माझ्याकडे आणखी एक होता. उद्या लावा, हवा तेवढा घासा.

त्यांनी हात पुढे केलाच नाही. म्हणाले, "एक बिघडवला, दुसरा कोणत्या तोंडानं घेऊ? ह्या हातांचा आता भरवसा न्हाई, सायेब. सकाळी चहाचा कप पण सुनंला धरायला सांगितला."

भाग्यलक्ष्मीने मान हलवली. कालपासून दाढीही न्हाव्याकडून करून घेणार म्हणतात, म्हणाली. आयुष्यभर स्वतःची स्वतः केली.

तेव्हा कळलं की बिल्ला देऊन सुटता येणार नाही. त्यांनी तो घ्यावा असं वाटत असेल तर आधी सांगावं लागेल की पहिला त्यांनी बिघडवलाच नव्हता. म्हणजे सगळंच सांगावं लागेल. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. भाग्यलक्ष्मी चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली, 'अण्णा, तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून चाललंय' असं म्हणाली, आणि मी चहा पिऊन वर आलो.

चहा पिऊन. दोन बिस्किटंसुद्धा खाल्ली. काय जातीचा प्राणी आहे मी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा मी फडकवला. सेक्रेटरीने ऐन वेळी गळ घातली. आप्पाजी नाहीत तर ज्यांनी बिल्ला दिला ते तरी, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरी ओढली. नाही म्हणता आलं असतं, पण म्हणालो नाही.

आप्पाजी आले होते. मागच्या रांगेत, पांढरा शर्ट, डोक्यावर काही नाही. राष्ट्रगीताला सगळ्यांनी जमेल तसे हात कपाळाला लावले, पोरांनी डावे, बायकांनी उजवे. आप्पाजी तेवढे दोन्ही हात मांड्यांना घट्ट चिकटवून उभे होते. दुसऱ्या मजल्यावरचा एकजण नंतर हसून म्हणाला, फौजी असून तुम्हीच सॅल्यूट केला नाही. आप्पाजींनी त्याला शांतपणे सांगितलं, "डोक्याला टोपी न्हाई सायेब. टोपीबिगर सलाम करत न्हाईत." तो म्हणाला, मग घालायची ना टोपी.

माझ्या हाताला अजून दोरीचा वास येत होता. लाडू वाटत होते, मला तो तोंडात धरवेना. जिन्यात जाऊन कठड्याबाहेर थुंकला आणि तसाच खाली गेलो.

आप्पाजी नुकतेच कॉटवर टेकले होते. मी दारातूनच सांगितलं की तो बिल्ला खोटा होता. पितळ नव्हतंच, वरून रंग दिला होता, कुणीही घासला असता तरी निघालाच असता, पंचविशीतल्या शिपायाने घासला असता तरी.

त्यांना समजायला वेळ लागला. मग विचारलं, "तुम्हाला पण कुणी फसवलं म्हणायचं?"

तिथे थांबता आलं असतं. ते मला पुन्हा एकदा सोडवत होते. मी म्हटलं, हो. पण तुम्हाला देण्याआधीच ते मला कळलं होतं.

भाग्यलक्ष्मीच्या हातातलं ताट टेबलावर आपटलं. आप्पाजी माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले, बोटं मिटली आणि उघडली. मग सुनेकडे वळून आधी कन्नडमध्ये आणि मग, बहुधा मलाही कळावं म्हणून, मराठीत म्हणाले, "म्हंजे हात बरोबर हायत माझे."

दोनदा म्हणाले. चेहरा एकदम मोकळा झाला होता. ब्लेड कुठं ठेवलंय विचारायला लागले, दाढी करायची होती.

मी खिशातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, हा खरा आहे. आप्पाजींनी एका बोटाने तो माझ्याकडे सरकवला आणि न्हाणीघराकडे गेले. खरा की खोटा, तेही त्यांनी पाहिलं नाही.